सरता हिवाळा : ऋतूचे सण, चंद्राचे सण आणि दख्खनची कालगणना

२०२१, २०२२ आणि २०२३ या सलग तीन वर्षांत होळी आणि शब-ए-बरात एकमेकांना खेटून आल्या. २०२१ मध्ये २८ मार्चला होळी पेटली, त्याच रात्री मशिदींत आणि कब्रस्तानांत शब-ए-बरातची जाग होती. २०२२ मध्ये १७ मार्चला होळी, १८ ला धुळवड आणि त्याच रात्री शब-ए-बरात. २०२३ मध्ये ७ मार्चला पुन्हा तीच गाठ. अनेकांना हा योगायोग वाटला, काहींना चमत्कार वाटला, तर काही ठिकाणी बंदोबस्ताची चिंता वाढली. त्याच्या आधीच्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, होळी ९ मार्चला आणि शब-ए-बरात ८-९ एप्रिलच्या सुमारास होती. २०२४ मध्ये शब-ए-बरात २५ फेब्रुवारीला झाली आणि होळी महिनाभराने, २४ मार्चला. तीन वर्षे जमलेली जोडी अचानक फुटली.

हा योगायोग नव्हे, हिशेब आहे. होळी फाल्गुन पौर्णिमेला असते. शब-ए-बरात ही शाबान महिन्याच्या चौदाव्या आणि पंधराव्या दिवसांच्या मधली रात्र, म्हणजे तीही जवळजवळ पूर्ण चंद्राची. दोन्ही सण चंद्रावर टांगलेले आहेत. फरक एवढाच की मराठी पंचांग चांद्र महिन्यांना ऋतूशी बांधून ठेवण्यासाठी दर साडेबत्तीस महिन्यांच्या सुमारास एक अधिक मास घालते, हिजरी कालगणना तसे करीत नाही. २०२० मध्ये अधिक आश्विन आला आणि त्यामुळे शाबान फाल्गुनाच्या जोडीला आला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि शाबान माघात सरकला. दोन अधिक मासांच्या मधल्या तीन फाल्गुनांत ही भेट होते आणि मग साधारण बत्तीस-तेहतीस वर्षे होत नाही. याआधीची भेट १९८९ च्या सुमारास झाली होती, पुढची २०५० नंतरच्या दशकात होईल.

हिवाळ्याच्या अखेरीस, म्हणजे पौषापासून फाल्गुनापर्यंत, आपल्या भागात सणांची दाटी असते. संक्रांत, वसंतपंचमी, महाशिवरात्र, गोव्यातील इंत्रूज, शिमगा, आणि फिरत फिरत त्या ऋतूत येऊन पोहोचणारे हिजरी महिने. या प्रत्येकाच्या उगमाची एक कथा सांगितली जाते. कथा ऐकून सण ‘कोणाचा’ हे ठरविण्याची घाईही आपल्याकडे फार असते. परंतु कोणताही सण समजून घेताना तीन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात : ऋतूत शेतावर काय चालले आहे, तो दिवस कोणत्या गणनेने काढला जातो, आणि त्याला कोणती कथा जोडली गेली आहे. या तिन्हींचे वय एक नसते. बहुधा कथा सर्वांत तरुण असते.

सूर्याला बांधलेली संक्रांत

मकर संक्रांत हा आपल्याकडचा जवळजवळ एकमेव मोठा सण, जो चंद्राकडे पाहत नाही. सूर्य मकर राशीत प्रवेश करतो तो हा दिवस. म्हणूनच इंग्रजी तारखेने तो दरवर्षी १४ किंवा १५ जानेवारीला येतो. शाळांतून ‘या दिवसापासून सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो’ असे शिकविले जाते. ते आता खरे नाही. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असतो आणि उत्तरायण तेव्हापासूनच सुरू झालेले असते. संक्रांत आणि खरे उत्तरायण एका दिवशी येत असत ते इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या आसपास. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथ गतीने डुलतो, त्यामुळे नक्षत्रांच्या हिशेबाने मोजलेले वर्ष ऋतूंच्या हिशेबाने मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे पडते. साधारण सत्तर वर्षांत एक दिवस, या वेगाने संक्रांत पुढे सरकते आहे.

याचे दोन पुरावे सहज सापडतात. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीच्या दिवशी झाला असे त्यांच्या चरित्रांत लिहिलेले असते आणि जन्मतारीख १२ जानेवारी १८६३ दिलेली असते. दोन्ही बरोबर आहेत, कारण तेव्हा संक्रांत बारा तारखेला होती. दुसरे उदाहरण पानिपतचे. ती लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, आणि आजच्या दिनदर्शिकेकडे पाहून ‘मराठ्यांवर संक्रांतीच्या दिवशीच संक्रांत कोसळली’ असे पुष्कळदा लिहिले जाते. परंतु त्या वर्षीची संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. वाक्य सुंदर आहे म्हणून ते टिकले.

सणाचा शेताशी असलेला संबंध मात्र या हिशेबाहून सोपा आहे. पौषात खरिपातील तीळ घरात आलेला असतो, गुऱ्हाळे चालू असतात, नवा गूळ बाजारात असतो. भोगीच्या भाजीत ओला हरभरा, पावटा, वांगी, गाजर, जे त्या आठवड्यात शेतात आणि परसात असते ते सर्व पडते आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. बेळगावच्या बाजारात मराठी बाई तिळगूळ मागते आणि कन्नड बाई ‘एळ्ळु-बेल्ला’ मागते, दोघींना हवे असतात तीळ आणि गूळच. सीमाभागात भाषेचा वाद कितीही जुना असला तरी या पुडीत तो कधी पोहोचला नाही.

चंद्र धरून, ऋतू न सोडता

महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची आणि होळी फाल्गुन पौर्णिमेची. येथे दिवस चंद्राने ठरतो, पण अधिक मासाच्या युक्तीने महिना ऋतूबाहेर जात नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी पडणारी अकरा दिवसांची तूट साठली की एक महिना वाढवून फेडली जाते. अशी फेड करणारे केवळ हिंदू पंचांगच नाही. ज्यू कालगणना तेच करते आणि तिच्यामार्फत ख्रिस्ती ईस्टरही चंद्राला बांधले गेले आहे. गोव्यात ही गोष्ट डोळ्यांना दिसते. ईस्टर हा २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्याच्या सत्तेचाळीस दिवस आधीच्या मंगळवारी इंत्रूज संपतो. पौर्णिमेपासून एवढे मागे गेले की आपण अमावास्येच्या आसपास पोहोचतो, आणि अमावास्येच्या आदल्या दिवशीच तर शिवरात्र असते. म्हणून २०२३ मध्ये गोव्यातील कार्निव्हल १८ फेब्रुवारीला सुरू झाला त्याच दिवशी महाशिवरात्र होती. २०२६ मध्ये शिवरात्र १५ फेब्रुवारीला आणि इंत्रूजचा मंगळवार १७ फेब्रुवारीला. ज्या वर्षी दोन्ही गणनांचे वाढीव महिने जुळत नाहीत त्या वर्षी मध्ये महिन्याचे अंतर पडते, जसे २०२४ मध्ये पडले.

होळीच्या उगमाबाबत कथा किती उशिरा येतात हे उत्तम दिसते. उत्तरेत होलिका आणि प्रल्हाद, दक्षिणेत कामदहन, महाराष्ट्रात लहान मुलांना छळणारी ढुंढा राक्षसी. एकाच अग्नीला तीन प्रांतांत तीन कारणे दिली जातात. याउलट ‘होलाका’ हा आचार जैमिनीच्या पूर्वमीमांसेत चर्चेला आलेला आहे. तेथे प्रश्न असा आहे की पूर्वेकडील लोक हा आचार पाळतात, तर तो सर्वांना लागू मानावा काय? महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात याची नोंद घेतली आहे. त्या चर्चेत ना प्रल्हाद आहे ना ढुंढा. संस्कृतात ‘होलक’ म्हणजे गवताच्या आगीवर भाजलेले अर्धपक्व धान्य, आणि मराठवाड्यात आजही शेतात भाजलेल्या ओल्या हरभऱ्याला ‘हुळा’ म्हणतात. शब्दांच्या या साम्यावरून फार मोठी इमारत उभारू नये, पण हातात तापलेले घाटे घेऊन शेताच्या बांधावर बसलेल्या माणसाला ती फार दूरची वाटणार नाही.

अधिक मास नाकारणारी गणना

हिजरी महिन्यांची नावे पाहिली तर आधी एक कोडे पडते. ‘रबी’ म्हणजे वसंत, आणि रबी-उल-अव्वल, रबी-उल-आखिर असे दोन महिने आहेत. ‘जुमादा’ ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ गोठणे, थिजणे असा आहे. ‘रमजान’ हा शब्द तापलेल्या जमिनीच्या दाहाशी संबंधित. नावे ऋतूंची आणि महिने मात्र कोणत्याही ऋतूत येणारे. अल-बेरूनीने अकराव्या शतकात याचे जे विवेचन केले ते आजही उपयुक्त आहे : इस्लामपूर्व अरबांमध्ये महिने मागेपुढे करण्याची ‘नसी’ नावाची रीत होती आणि नावे पडली तेव्हा महिने त्या त्या ऋतूंत होते.

नसीचा अधिकार काही घराण्यांच्या हाती होता. युद्धबंदीचे पवित्र महिने सोयीप्रमाणे पुढे ढकलले जात. कुरआनात सूरह तौबामध्ये महिन्यांची संख्या बारा असल्याचे स्पष्ट करून ही रीत निषिद्ध ठरविली गेली. इ.स. ६३२ मधील अखेरच्या हज प्रसंगी पैगंबरांनी (स.) हीच गोष्ट पुन्हा सांगितली. नंतर हजरत उमर यांच्या खिलाफतीत हिजरतीपासून वर्षे मोजण्याची पद्धत ठरली. हिजरी महिने ऋतूतून फिरतात हा गणिताचा दोष नाही, तो जाणीवपूर्वक केलेला निर्णय आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याचा एक परिणाम असा की रोजा कोणत्याही एका हवामानाची मालमत्ता होत नाही. उत्तर गोलार्धातील माणसाला जूनचे लांब रोजे पडतात तेव्हा दक्षिणेत ते आखूड असतात, आणि सोळा-सतरा वर्षांत पारडे उलटते.

परंतु शेतकऱ्याला चंद्रावर पेरणी करता येत नाही, आणि सरकारला चंद्रावर सारा वसूल करता येत नाही. मग ऋतूची गरज कोणी भागविली? याचे उत्तर मराठी माणसाच्या तोंडात रोज असते, पण लक्षात येत नाही. ‘खरीप’ हा अरबीतील ‘खरीफ’, म्हणजे शरद. ‘रब्बी’ हा तोच ‘रबी’, म्हणजे वसंत. पिके ज्या ऋतूत कापली जातात त्या ऋतूंची ही अरबी नावे. महिन्याच्या नावातील ‘रबी’ वर्षभर फिरत राहिला, तर शेतातील ‘रब्बी’ सुमारे सात-आठशे वर्षे दख्खनच्या काळ्या मातीत ज्वारी-हरभऱ्यापाशी ठाण मांडून बसला आहे. ‘हंगाम’ फारसी, ‘मोसम’ अरबी, ‘फसल’ अरबी. ऋतूंची आणि शेतीची ही परिभाषा महसुलाच्या दप्तरातून गावात उतरली.

मृगाचे वर्ष, अरबीतले आकडे

दप्तराच्या गरजेतून ज्या सौर कालगणना जन्मल्या त्यांत दख्खनच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तो शुहूर सन. मराठी कागदपत्रांत त्याला सुहूर सन, अरबी सन किंवा मृगसाल म्हटलेले असते. ‘शुहूर’ हे ‘शहर’ म्हणजे महिना या अरबी शब्दाचे अनेकवचन. वर्ष सुरू होते सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी, हल्ली ७-८ जूनला, म्हणजे पावसाच्या तोंडावर. वर्षाचा आकडा लिहायचा तो अरबी संख्यावाचक शब्दांत, एकं स्थानापासून सुरुवात करून. पानिपतचे वर्ष असे लिहिले जाई : ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन निघतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे सरत्या हिवाळ्यातील कोणत्याही कागदाला ६००, चूक होण्याची जागा नेमकी हीच.

त्याच वेळी हिजरी सन ११७४ चालू होता. ११६१ आणि ११७४ मधील तेरा वर्षांचे अंतर हे चांद्र वर्षे सौर वर्षांपेक्षा लहान असल्याने साठलेले आहे. मागे मागे जात हे अंतर शून्य होते ते हिजरी ७४५ मध्ये, म्हणजे इ.स. १३४४ मध्ये. त्यावरून हा सन मुहम्मद बिन तुघलकाच्या कारकिर्दीत, दौलताबादच्या काळात सुरू झाला असावा असे अभ्यासक मानतात. बहामनी, आदिलशाही, निजामशाही आणि मराठी राज्य, सर्वांच्या दप्तरांत तो चालला. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तरी पेशवाईच्या अखेरपर्यंत शुहूर सन लेखणीतून गेला नाही.

पेशवाईतील पत्राची तारीख पाहिली की आणखी एक गंमत दिसते. वर्ष मृगाचे, म्हणजे सूर्याचे. परंतु दिवस ‘छ’ या अक्षराने सुरू होणारा, आणि ‘छ’ हा ‘चंद्र’ याचा संक्षेप. त्यापुढे येतो हिजरी महिना : रबिलाखर, जमादिलावल, साबान, सवाल, जिल्हेज. पुण्यातील ब्राह्मण कारकून शनिवारवाड्यात बसून मोडीत पत्र लिहितो, वर्ष भारतीय नक्षत्राने सुरू होते, आकडा अरबीत आहे, आणि दिवस मशिदीवरून दिसणाऱ्या चंद्राचा आहे. यात कोणी कोणावर कृपा करीत नव्हते. सारा मृगावर अवलंबून होता आणि दिवस मोजायला आकाशातील चंद्र सर्वांना फुकट मिळत होता.

फसली सनाची कथा याच धर्तीची आहे. अकबराच्या काळात अबुल फज्लने मांडलेला युक्तिवाद साधा आणि माणुसकीचा आहे. तीस सौर वर्षांत जवळजवळ एकतीस चांद्र वर्षे होतात. पिके तीसच निघतात, पण सारा हिजरी वर्षाने मागितला तर रयतेला एकतीस वेळा द्यावा लागतो. हा अन्याय टाळण्यासाठी सौर वर्ष हवे. दख्खनमध्ये फसली सन शाहजहानच्या काळात हिजरी १०४६, म्हणजे इ.स. १६३६ पासून धरला गेला आणि त्याच्यात व इसवी सनात ५९० चे अंतर राहिले. हैदराबाद संस्थानात हे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ‘आजुर’ महिन्याने सुरू होई. महिन्यांची नावे इराणी होती, परंतु जागा बदललेल्या. इराणात फरवर्दीन २०-२१ मार्चला नवरोजने सुरू होतो, हैदराबादचा ‘फरवर्दी’ फेब्रुवारीतच येऊन जाई.

मराठवाडा, बीदर, गुलबर्गा भागातील जुन्या घरांत आजही इनामाचे, वक्फाचे, वाटणीचे कागद याच सनाचे आहेत. त्यावर ‘१३३०’ एवढाच आकडा असेल आणि वाचणाऱ्याने तो हिजरी धरला तर वर्ष १९११-१२ निघते, फसली धरला तर १९२०-२१. नऊ वर्षांचा फरक. एवढ्या काळात मूळ मालक मृत्यू पावलेला असू शकतो आणि वारस बदललेला असू शकतो. उर्दू वाचणारा महिन्याच्या नावावरून सन ओळखतो : रजब-शाबान असेल तर हिजरी, बहमन-फरवर्दी असेल तर फसली. ज्याला केवळ आकडे वाचता येतात त्याच्यापाशी ही किल्ली नसते. जुन्या वर्गांत मुलांना हिजरी आणि फसली महिने तोंडपाठ करावे लागत, त्याचा उपयोग काय असे तेव्हा पुष्कळांना वाटले असेल.

चिल्ला आणि बसंत

सरकारी दप्तराबाहेर, लोकांच्या बोलण्यातही मुस्लिम समाजाने ऋतूचा हिशेब ठेवलाच. फारसी ‘चिल्ला’ म्हणजे चाळीस दिवसांचा काळ. सुफी साधकाचा चिल्ला चाळीस दिवसांचा, आणि थंडीचाही. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्ला-ए-कलाँ’, नंतर वीस दिवस ‘चिल्ला-ए-खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्ला-बच्चा’, म्हणजे थंडीचे म्हातारपण, प्रौढपण असे न म्हणता तिचे बाळपण शेवटी ठेवलेले. ही इराणी रीत. तेथेच बहमन महिन्याच्या दहाव्या दिवशी, नवरोजच्या पन्नास दिवस आधी, ‘सदा’ नावाचा अग्नीचा सण होतो. सरत्या थंडीत आग पेटविण्यासाठी माणसाला एकमेकांकडून शिकावे लागत नाही.

चाळीस दिवसांचा आणखी एक हिशेब आहे. माघ शुद्ध पंचमीपासून फाल्गुन पौर्णिमेपर्यंत बरोबर चाळीस तिथी होतात, आणि व्रजभूमीत होळीची सुरुवात वसंतपंचमीलाच होते. सहा ऋतूंच्या शास्त्रात माघ-फाल्गुन शिशिरात मोडतात, वसंत चैत्रात येतो. मग शिशिरात वसंताची पंचमी कशी? उत्तर शेतात आहे. गंगा-यमुनेच्या मैदानात त्या वेळी मोहरी फुललेली असते, पंचांग काहीही म्हणो, डोळ्यांना वसंत दिसतो. दख्खनमध्ये मोहरीची शेते नाहीत. येथे पिवळा रंग करडईचा आणि मग फाल्गुनात केशरी पळसाचा. त्यामुळे महाराष्ट्रात ही पंचमी तशी शांतपणे जाते. पंढरपुरात मात्र त्या दिवशी विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह लागतो.

दिल्लीतील हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांच्या दर्ग्यात बसंत साजरी होते, कव्वाल पिवळे फेटे बांधतात, मोहरीची फुले वाहिली जातात. कथा सर्वश्रुत आहे. तकीउद्दीन नूह हे बहिणीकडचे लाडके तरुण आप्त वारले आणि हजरत दुःखात बुडाले. अमीर खुसरोंनी वाटेत पिवळी फुले घेऊन देवळाकडे निघालेल्या बायका पाहिल्या, स्वतः तसाच वेश केला, गात गात समोर आले आणि हजरतांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू उमटले. ही कथा परंपरेने चालत आली आहे, तिला समकालीन दस्तऐवजाचा दर्जा देणे योग्य नव्हे. परंतु बसंतचा लेखी पुरावा निश्चित आहे, आणि तो एका दख्खनी माणसाचा आहे. आसफजाह निजाम-उल-मुल्क यांच्याबरोबर १७३८ च्या सुमारास दिल्लीला गेलेल्या दर्गाह कुली खानने आपल्या फारसी ‘मुरक्का-ए-देहली’त तेथील बसंतचे वर्णन केले आहे. लोक आठवडाभर एकेका दिवशी एकेका पवित्र स्थळी फुले, अत्तर आणि गाणे घेऊन जात. हा गृहस्थ पुढे औरंगाबादेत राहिला.

त्याच्याही दीडशे वर्षे आधी गोवळकोंड्यात मुहम्मद कुली कुतुबशाहने, १५९१ मध्ये हैदराबाद वसविणाऱ्या सुलतानाने, दख्खनी भाषेत बसंतवर कविता लिहिल्या. त्याचे काव्य मुहिउद्दीन कादरी ‘जोर’ यांनी १९४० मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. त्यात ईद, शब-ए-बरात, नवरोज आहेत, तशीच ‘ठंडकाला’ म्हणजे थंडीच्या दिवसांवर आणि ‘मिरग’वरही कविता आहेत. हा ‘मिरग’ म्हणजे मराठी शेतकऱ्याचा ‘मिरीग’. उर्दूचे विद्यार्थी हा शब्द कोशात शोधत बसतात आणि वर्गातील मराठी मुलगा अर्थ सांगून मोकळा होतो. सुलतानाच्या एकाच दिवाणात हिजरी चंद्र, इराणी नवरोज आणि मृगाचा पाऊस आहे. त्याला त्यांपैकी काही गाळावेसे वाटले नाही. बसंतबद्दल उलेमांचे आक्षेप होते आणि आहेत, आणि दुसऱ्या बाजूने ‘हा आमचा सण तुम्ही घेतला’ असेही म्हटले जाते. दोन्ही आक्षेप कथेकडे पाहून घेतले जातात, शेताकडे पाहून नव्हे.

पंचांगाने चालणारे उरूस

बहुतेक दर्ग्यांचे उरूस हिजरी तारखेने होतात. गुलबर्ग्याच्या हजरत बंदा नवाज यांचा उरूस जिलकादमध्ये येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. परंतु काही ठिकाणे वेगळी आहेत. कल्याणजवळील हाजी मलंगची यात्रा माघ पौर्णिमेला भरते. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या यात्रेत फाल्गुन पौर्णिमेला नारळांची होळी पेटते आणि रंगपंचमीला संदल निघतो. अशा दिवसांवरून आज जमिनीचे आणि मालकीचे वाद घातले जातात, आणि तिथी हाच पुरावा म्हणून पुढे केला जातो. तिथी एवढा भार पेलू शकत नाही. माघ-फाल्गुनात रब्बीची कापणी उरकत आलेली असते, रस्ते कोरडे असतात, बैलगाडी निघू शकते, शेतकऱ्याच्या हातात थोडे पैसे असतात. ज्या यात्रेला आसपासच्या जिल्ह्यांतील कुणबी, धनगर, बंजारा, मुसलमान सर्वच येतात, तिचा दिवस भर पावसात फिरून येणे परवडणारे नव्हते. वर्षातील हे दोन महिनेच तसे रिकामे.

पुढील काही वर्षांत ही गणना पुन्हा एकदा सर्वांच्या नजरेस येईल. २०३० मध्ये रमजान जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल, आणि हिजरी वर्ष लहान असल्याने त्याच इसवी सनात डिसेंबरअखेरीस पुन्हा. म्हणजे त्या वर्षीची संक्रांत रोज्यांत येईल आणि तिळगूळ मगरिबनंतर खाल्ला जाईल. ईद-उल-फित्र, चंद्रदर्शनाप्रमाणे, फेब्रुवारीच्या ४-५ तारखेच्या सुमारास, आणि वसंतपंचमी ७ फेब्रुवारीला. दिल्लीच्या दर्ग्यात ईदची गर्दी ओसरते न ओसरते तोच कव्वालांना पिवळे फेटे काढावे लागतील.